पतीचा बीपी, पत्नीचा बीपी आणि दोघांचे हृदय

उच्च रक्तदाबाविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन गेल्या अंकात केले होते, त्याला सोलापूर शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून बरीच पत्रे आली. ती वाचताना एक गोष्ट मनाला लागली. लिहिणाऱ्यांत स्त्रियाच अधिक होत्या, परंतु त्यांतल्या बहुतेकींनी पतीच्या, सासऱ्यांच्या किंवा वडिलांच्या रक्तदाबाविषयी विचारले होते. स्वतःचा उल्लेख झालाच तर तो शेवटच्या ओळीत, ‘मलाही थोडा आहे’ इतकाच. म्हणून या वेळी स्त्री आणि पुरुष यांच्या हृदयावर रक्तदाबाचा परिणाम कसा होतो, याच्याशी निगडित पत्रे निवडली आहेत. उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. औषधातला कोणताही बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा.

प्रश्न : माझे वय ५८ आणि यजमानांचे ६२. तपासणीत दोघांचाही रक्तदाब १५०/९५ च्या आसपास निघाला. यजमानांचा ईसीजी, टूडी इको आणि रक्ताच्या चाचण्या लगेच झाल्या. मला मात्र ‘वयामुळे होते, मीठ कमी करा’ असे सांगून एक गोळी दिली. मला दोन जिने चढले की धाप लागते आणि संध्याकाळी पावले सुजतात. बायकांच्या हृदयाला रक्तदाबाचा धोका कमी असतो का? – एक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : कमी नसतो. पाळी सुरू असते त्या वयात स्त्रियांमध्ये उच्च रक्तदाबाचे आणि हृदयविकाराचे प्रमाण पुरुषांपेक्षा कमी आढळते, त्यावरून ‘हा पुरुषांचा आजार’ अशी समजूत रूढ झाली आणि ती घरांप्रमाणे दवाखान्यांतही टिकून राहिली. पाळी गेल्यानंतर हे अंतर भरून निघते आणि साठी-पासष्टीनंतर उच्च रक्तदाब स्त्रियांमध्येच अधिक दिसू लागतो. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांपुढील पुरुषांत सुमारे २४ टक्के आणि स्त्रियांत सुमारे २१ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आढळला. एकाला तपासावे आणि दुसरीला घरी पाठवावे, इतके काही हे अंतर नाही. अमेरिकेत ३२ हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर असे दिसले, की स्त्रियांचा रक्तदाब विशीपासूनच पुरुषांपेक्षा अधिक वेगाने चढत जातो. सुरुवात खालच्या आकड्यापासून होत असल्यामुळे तो वेग कुणाच्या ध्यानात येत नाही.

आता प्रत्यक्ष हृदयात काय घडते ते पाहू. हृदयाची डावी जवनिका, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणारा खालचा डावा कप्पा, दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. रोहिण्यांमधला दाब वाढलेला असला, की प्रत्येक ठोक्याला तिला अधिक जोर लावावा लागतो आणि वर्षानुवर्षे हे चालू राहिले की तिची भिंत जाड होते. मार्केट यार्डात पोती वाहणाऱ्या हमालाचा दंड भरतो तसेच हे वाटते, पण हृदयाच्या बाबतीत जाडी म्हणजे ताकद नव्हे. जाड झालेला स्नायू ताठर होतो, त्याला प्राणवायू अधिक लागतो, आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या मात्र त्या प्रमाणात वाढत नाहीत. इथपर्यंतची वाट दोघांची सारखीच असते. पुढे तिला फाटे फुटतात.

पुरुषांमध्ये हा कप्पा कालांतराने पसरून मोठा होण्याकडे आणि त्याची आकुंचनाची शक्ती घटण्याकडे कल अधिक दिसतो. त्यातच त्यांच्या हृदयाच्या रोहिण्यांत अडथळे तुलनेने लवकरच्या वयात निर्माण होत असल्याने झटका येऊन स्नायूचा काही भाग निकामी होतो आणि पंपिंग आणखी उतरते. स्त्रियांमध्ये भिंत जाड होते पण कप्पा लहानच राहतो, आणि दोष आकुंचनात नसून सैल होण्यात असतो. दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणात कप्प्याने सैल होऊन रक्त भरून घ्यायचे असते. ताठर कप्प्यात ते सहजपणे शिरत नाही, मागे फुप्फुसांकडे दाब वाढत जातो आणि घरात बसून असताना काहीही न जाणवणाऱ्या बाईला जिना चढताना धाप लागते. अशा रुग्णेच्या टूडी इकोच्या अहवालात पंपिंग ६० टक्के, म्हणजे उत्तम, असे लिहिलेले असू शकते, आणि तेवढीच ओळ वाचून ‘हृदय चांगले आहे’ असे सांगितले जाते. पंपिंग चांगले असूनही हृदय निकामी होण्याचा हा प्रकार स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. अर्थात हा कल आहे, नियम नव्हे. दोन्ही प्रकार दोघांनाही होऊ शकतात.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रॅमिंगहॅम या गावात १९४८ पासून चाललेल्या अभ्यासाचा एक निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाला, तो मी प्रत्येक नवशिक्या डॉक्टरला सांगते. तिथे हृदय निकामी झालेल्यांपैकी ९१ टक्के लोकांना त्याआधी उच्च रक्तदाब होता. आणि रक्तदाब नसलेल्या पुरुषांच्या तुलनेत उच्च रक्तदाब असलेल्या पुरुषांचा धोका सुमारे दुप्पट, तर रक्तदाब नसलेल्या स्त्रियांच्या तुलनेत उच्च रक्तदाब असलेल्या स्त्रियांचा धोका सुमारे तिप्पट निघाला.

तेव्हा आपण पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि ‘जिना चढताना धाप लागते’ हे वाक्य स्पष्टपणे सांगा. ‘थकवा येतो’ एवढेच सांगितले तर ते घरकामाच्या खाती जमा होते. ईसीजी आणि टूडी इको करण्याविषयी विचारा. इकोमध्ये पंपिंगच्या टक्क्याबरोबर भिंतीची जाडी किती आहे आणि हृदय नीट सैल होते का, हेही विचारा. हृदयस्नायूचे वजन मोजले असेल तर स्त्री आणि पुरुष यांच्यासाठी मर्यादा वेगळ्या असतात : शरीराच्या दर चौरस मीटर क्षेत्रफळामागे पुरुषांत ११५ ग्रॅमपर्यंत, पण स्त्रियांत ९५ ग्रॅमपर्यंत. पुरुषाची मर्यादा लावली तर जाड झालेले स्त्रीहृदयही कागदावर निरोगी दिसेल. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि मूत्रपिंडाची चाचणीही करून घ्या, कारण धाप आणि सूज यांची कारणे तिथेही असू शकतात. पावलांची सूज ही आपल्याला दिलेल्या गोळीमुळेही असू शकते; त्याविषयी पुढच्या उत्तरात लिहिले आहे.

प्रश्न : माझी आई ४९ वर्षांची आहे आणि लग्न झाल्यापासून घरी विड्या वळते. दिवसभर मांडी घालून बसल्यामुळे पाठ आणि मान धरते, त्यासाठी ती मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून घेते. सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. डोके दुखले की वडिलांच्या बीपीच्या गोळीतली अर्धी घेते आणि ‘आता उतरला’ म्हणते. तिला समजावून कसे सांगावे? – एक वाचक, विडी घरकुल, सोलापूर

उत्तर : आपल्या पत्राने मी बराच वेळ अस्वस्थ झाले, कारण पूर्वभागातल्या कितीतरी घरांची हीच कथा आहे. आईला दोष देऊ नका. तिला दवाखान्यात जायचे तर दिवसाच्या विड्या बुडतात, आणि विड्या बुडल्या की मजुरी बुडते. म्हणून तिने तिच्या परीने उपाय शोधले आहेत. मात्र त्या प्रत्येक उपायाने रक्तदाबाला हातभारच लागतो.

दुखण्याच्या गोळ्यांपासून सुरुवात करा, कारण ही गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या रोज घेतल्या तर शरीरात मीठ आणि पाणी साचते, रक्तदाब चढतो, मूत्रपिंडावर ताण येतो आणि रक्तदाबाच्या कित्येक गोळ्यांचा परिणामही कमी होतो. पाठदुखीसाठी दर तासाला उठून चार पावले चालणे, भिंतीला टेकून बसणे, शेक घेणे आणि गोळी लागलीच तर कोणती घ्यावी हे डॉक्टरांना विचारणे, हा क्रम ठेवावा. मिश्री ही भाजलेली असली तरी तंबाखूच आहे. तिच्यातले निकोटीन हिरड्यांतून रक्तात जाते, ठोके वाढवते आणि रोहिण्या आवळते. ‘बायका विडी ओढत नाहीत, म्हणून त्यांना तंबाखूचा त्रास नाही’ असे म्हणणाऱ्यांनी मिश्रीचा डबा पाहावा.

अर्ध्या गोळीविषयी आईला एवढेच सांगा, की डोके दुखणे ही रक्तदाबाची खूण नव्हे. बहुतेकांना उच्च रक्तदाब काहीच जाणवू देत नाही. डोके दुखत नसतानाच्या दिवसांतही तो हृदयावर ताण टाकतच असतो. वडिलांची गोळी त्यांचे वय, मूत्रपिंड आणि इतर आजार पाहून ठरवलेली आहे. अधूनमधून अर्धी घेतल्याने आईचा रक्तदाब काबूत येणार नाही, आणि वडिलांची गोळी महिना संपण्याआधी संपेल, म्हणजे दोघांचेही नुकसान.

एकाच गोळीचा त्रास स्त्रियांना पुरुषांपेक्षा अधिक होतो, असेही दिसते. ॲम्लोडिपिनमुळे घोट्यांवर येणारी सूज आणि एनालॅप्रिल किंवा रॅमिप्रिलमुळे येणारा कोरडा खोकला हे दोन्ही स्त्रियांमध्ये अधिक आढळतात. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी रक्तातले सोडियम उतरण्याचा धोकाही त्यांना, विशेषतः वयस्क स्त्रियांना, अधिक असतो. असे झाले की स्त्रिया न सांगता गोळी सोडून देतात. सांगितले तर मात्र बहुधा दुसरी गोळी मिळू शकते. इथे मनातली एक खंतही नोंदवते : औषधांच्या मोठ्या चाचण्यांत स्त्रिया अजूनही पुरेशा संख्येने घेतल्या जात नाहीत. रक्तदाब आणखी खाली उतरवावा का, याविषयी २०१५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या महत्त्वाच्या चाचणीतही स्त्रिया केवळ ३६ टक्क्यांच्या आसपास होत्या.

आईचा रक्तदाब जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात मोजून घ्या. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा आणि मिश्री नको, लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून आणि पाय जमिनीला लावून पाच मिनिटे गप्प बसावे, हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवावा. पोलक्याची घट्ट बाही वर गुंडाळली की ती दंडाला आवळते, आणि बाहीवरूनच पट्टा बांधला तर आकडा बिघडतो. सैल बाहीचा पोशाख घालून जाणे हा साधा उपाय आहे. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागावा, कारण लहान पट्ट्याने आकडा खोटाच चढा येतो.

प्रश्न : माझे वय ३१. पहिल्या बाळंतपणात सातव्या महिन्यात बीपी वाढला, लघवीतून प्रथिने गेली आणि आठव्या महिन्यात सिझेरियन करावे लागले. बाळ आता दोन वर्षांचे आहे आणि माझा बीपी नॉर्मल आहे. हा विषय संपला असे समजू का? – एक भगिनी, अक्कलकोट

उत्तर : त्या बाळंतपणापुरता संपला, आपल्या हृदयाच्या दृष्टीने मात्र ती एक सूचना होती. गरोदरपणाच्या २० आठवड्यांनंतर रक्तदाब वाढून प्रथिने जाण्याच्या या विकाराला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. तो झालेल्या स्त्रियांना पुढील आयुष्यात कायमचा उच्च रक्तदाब होण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या तुलनेत तीन ते चार पट आणि हृदयविकाराची सुमारे दुप्पट असते. पुरुषांना असा पूर्वइशारा मिळत नाही. आपल्याला तो तिशीच्या आत मिळाला आहे, तर त्याचा उपयोग करून घ्यावा.

वर्षातून किमान एकदा रक्तदाब, साखर आणि लघवीतील प्रथिने तपासा. दवाखान्यातून घरी सोडताना मिळालेला कागद लॅमिनेशन करून ठेवा, आणि पन्नाशीत छातीत दुखले म्हणून डॉक्टरांकडे गेलात तरीही तो दाखवा. त्या वेळी ‘बाळंतपणात काय झाले होते’ असे विचारणारे कमी भेटतील, म्हणून आपणच सांगायचे. पाळणा लांबवण्यासाठी गोळ्या घ्यायच्या असतील तर इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी रक्तदाब वाढू शकतो, हे आधी विचारून घ्या. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर दिवस जाण्याच्या आधीच डॉक्टरांना भेटा : एनालॅप्रिल, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन यांसारखी औषधे गरोदरपणात गर्भाला घातक ठरतात, त्याऐवजी लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा दिली जातात, आणि पुन्हा हाच त्रास होऊ नये म्हणून १२ आठवड्यांनंतर कमी मात्रेत ॲस्पिरिन सुरू करण्याचा निर्णय डॉक्टर घेऊ शकतात.

प्रश्न : वय ४४, यंत्रमाग कारखान्यात रात्रपाळी करतो. कारखान्यातल्या शिबिरात बीपी १४८/९६ निघाला. मला काहीही त्रास नाही. मित्र म्हणतात, एकदा गोळी सुरू झाली की जन्मभर सुटत नाही आणि पुरुषत्वावर परिणाम होतो. म्हणून अजून घेतलेली नाही. – एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : आपण हे लिहिलेत याचे मला मोल वाटते, बहुतेक पुरुष हे कारण मनात ठेवतात आणि गोळी गुपचूप कचऱ्यात जाते. एका मोजणीवर निदान करू नये, म्हणून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी किंवा जवळच्या दवाखान्यात मोजून लिहून ठेवा. दवाखान्यात १४०/९० आणि घरी १३५/८५ किंवा त्याहून वर आकडा पुन्हा पुन्हा येत असेल तर तो उच्च रक्तदाबच आहे.

पुरुषत्वाविषयी. जुन्या पद्धतीची काही बीटा-ब्लॉकर औषधे आणि लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या यांनी काही पुरुषांना अडचण येते, हे खरे आहे. परंतु आज सुरुवातीला दिल्या जाणाऱ्या इतर अनेक गोळ्यांनी ती सहसा येत नाही. आणि मित्रांनी न सांगितलेली गोष्ट अशी, की उपचार न केलेला रक्तदाब स्वतःच त्या रोहिण्या खराब करतो. जननेंद्रियाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे तिथली अडचण ही हृदयाच्या आजाराची कित्येक वर्षे आधी मिळालेली खूण ठरू शकते. अडचण आली तर मेडिकलमधून सिल्डेनाफिल आणून घेऊ नका. छातीच्या दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळीबरोबर ते घेतले गेल्यास रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

आपल्या वयात रोहिणीत अडथळा येऊन झटका येण्याचा धोका पत्नीपेक्षा आपल्याला अधिक आहे. रक्तदाबाच्या औषधांच्या अनेक चाचण्यांचा एकत्रित अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात वरचा आकडा १० ने उतरला की पक्षाघाताचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी आणि हृदय निकामी होण्याचा सुमारे २८ टक्क्यांनी कमी होतो असे दिसले. झोपेत मोठ्याने घोरत असाल आणि मध्येच श्वास अडकतो असे घरचे सांगत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. हा विकार पुरुषांमध्ये अधिक असतो आणि त्यामुळे रक्तदाब हट्टाने चढा राहतो. वजन, मीठ, दारू आणि तंबाखू यांत खरी घट झाली तर काहींच्या गोळ्या कमीही होतात. जन्मभर घ्यावी लागणारी गोळी नकोशी वाटते, हे मी समजू शकते. पण ती आवश्यक असेल तर सुरू करा.

प्रश्न : मी मिठाऐवजी सैंधव वापरते, त्यामुळे शेंगाचटणी आणि लोणचे खायला हरकत नाही ना? – एक भगिनी, बार्शी

उत्तर : हरकत आहे. सैंधवातही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते. दिवसभरात सर्व मिळून पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा, कमी मीठ असावे. चटणी घरी कमी मिठाची करावी. शेंगदाणे आणि ज्वारीची भाकरी यांच्याशी माझे काहीच भांडण नाही.

प्रश्न : माझी पत्नी ६४ वर्षांची आहे, तिला दहा वर्षांपासून बीपी आहे. गड्ड्याच्या यात्रेहून परतल्यावर तिला पाठीत आणि जबड्यात दुखू लागले, घाम आला, मळमळले. पित्त समजून आम्ही सोडा दिला आणि रात्र काढली. सकाळी ईसीजीत झटका निघाला. आता ती बरी आहे, पण आम्हांला ओळखता का आले नाही? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : पत्नी बरी आहे हे वाचून समाधान वाटले. छातीत दुखणे किंवा दडपणे हेच झटक्याचे सर्वांत नेहमीचे लक्षण स्त्री आणि पुरुष दोघांतही असते. परंतु त्याच्या जोडीने, किंवा त्याच्याशिवायही, धाप, मळमळ, जबडा, मान, पाठ किंवा खांद्यात दुखणे आणि अचानक आलेला विलक्षण थकवा ही लक्षणे स्त्रियांत अधिक दिसतात, आणि मधुमेह असेल तर दुखणे अगदी सौम्यही असू शकते. ही सगळी पित्ताशी मिळतीजुळती असल्याने चूक होते. आपलीच झाली असे नाही. आणखी एक, पित्त असल्याचे स्वतः पत्नीनेही म्हटले असेल, कारण रात्री सर्वांना उठवणे तिला नको वाटले असेल.

रक्तदाब असलेल्या व्यक्तीला कंबरेच्या वर नव्याने दुखू लागले, घाम फुटला, आणि दहा-पंधरा मिनिटांत थांबले नाही, तर ईसीजी काढेपर्यंत ते पित्त समजू नये. १०८ ला फोन करा. रिक्षाने किंवा दुचाकीवर मधे बसवून नेऊ नका. दवाखान्यात पोहोचल्यावर ‘पित्त झाले आहे’ असे सांगू नका, ‘बीपीचा रुग्ण आहे, घाम आणि पाठदुखी आहे, आधी ईसीजी काढा’ असे सांगा. पोहोचल्यापासून दहा मिनिटांच्या आत तो निघायला हवा. पत्नीच्या सध्याच्या गोळ्यांची नावे, मात्रा आणि या झटक्याच्या वेळचा ईसीजी एका पाकिटात घालून दाराजवळ ठेवा. पुढचा ईसीजी याच्याशी ताडून पाहता येतो. आणि त्याच पाकिटाशेजारी आपलेही एक पाकीट असू द्या. पत्रात आपण आपला स्वतःचा रक्तदाब लिहिलेला नाही.